रिकाम्या व्हीएमची टिकटिक : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

चाचण्यांच्या होस्टवर (ज्या खऱ्या यंत्रावर व्हीएम, म्हणजे आभासी यंत्रं, चालतात ते) रात्री सगळे गेस्ट, म्हणजे त्या व्हीएम, रिकामे असतात, तरी होस्टला स्वस्थता नाही. टॉप लावून पाहिलं तर क्यूईएमयूची (व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम) प्रत्येक प्रोसेस थोडं थोडं सीपीयू खात बसलेली. एकेकटी पाहिली तर सोडून द्यावी इतकी किरकोळ. बेरीज मात्र डोळ्यांत भरते. कोअर खोल सी-स्टेटपर्यंत, म्हणजे वीज वाचवणाऱ्या गाढ झोपेपर्यंत, पोचतच नाहीत. आता या कामाला रीतसर वेळ मिळाला आहे, म्हणून नोंदी ठेवतो.

संशय अर्थातच टायमर इंटरप्टवर, म्हणजे कर्नलला ठरावीक वेळाने टोचणाऱ्या टिकवर. प्रत्यक्ष यंत्रावर टिक स्वस्त असते: लोकल एपिकचा (कोअरचे इंटरप्ट सांभाळणारा भाग) टायमर वाजतो, कर्नल वेळेचा हिशेब लावतो, शेड्युलरला एकदा विचारतो, पुढची वेळ लावतो, झालं. व्हीएममध्ये याच पायऱ्यांवर हायपरवायझरला, म्हणजे होस्टच्या कर्नलमधल्या केव्हीएमला, मध्ये पडावं लागतं. गेस्ट थांबून ताबा त्याच्याकडे गेला की ती एक्झिट. गेस्टने टीएससी (प्रोसेसरचा वेळ मोजणारा काउंटर) डेडलाइनच्या एमएसआरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या खास रजिस्टरमध्ये, पुढची वेळ लिहिली की एक एक्झिट. ती वेळ भरली की दुसरी. इंटरप्ट आटोपल्याची पोच, म्हणजे ईओआय, दिली की तिसरी. प्रोसेसरमध्ये एपिकव्ही (गेस्टच्या एपिकचं काम हार्डवेअरमध्येच उरकण्याची सोय) असेल आणि चालू असेल तर ही तिसरी वाचते. म्हणजे बऱ्या हार्डवेअरवरही टिकमागे दोन एक्झिट धरायच्या. चार व्हीसीपीयूंचा (आभासी प्रोसेसर), १००० हर्ट्झवर चालणारा गेस्ट घेतला तर सेकंदाला ४,००० टिक आणि ८,००० एक्झिट.

गेस्ट रिकामा असेल आणि टिक थांबवणारा नसेल तर आणखी वाईट. व्हीसीपीयू एचएलटी (काम नाही, थांबतो असं सांगणारी सूचना) करून थांबलेला असतो, होस्टवर त्याचा थ्रेड झोपलेला असतो. टिकची वेळ झाली की होस्टचा टायमर वाजतो, थ्रेड जागा होतो, शेड्युलर त्याला कोअर देतो, गेस्टमध्ये शिरायचं, इंटरप्ट द्यायचा, गेस्ट जिफी, म्हणजे टिक मोजणारा आकडा, एकने वाढवतो, पुढे काम नाही म्हणून परत एचएलटी, परत एक्झिट, परत झोप. एक आकडा एकने वाढवण्यासाठी एवढा सोहळा.

ठरवलेला क्रम: आधी मोजणी, मग ज्यांची कुणालाच गरज नाही ते इंटरप्ट बंद, आणि उरलेले स्वस्त करणं सगळ्यात शेवटी. गेस्टचं कर्नल नव्याने बिल्ड करायची वेळ आली तर ती नाइलाज म्हणूनच.

९ जानेवारी

मोजायची पद्धत आधीच ठरवून टाकली, नंतर वाद नको. होस्टची फ्रीक्वेन्सी एका जागी बांधली, टर्बो बंद. गेस्ट बूट झाल्यावर शांत व्हायला वेळ द्यायचा, मग ठरावीक काळ मोजायचं.

ढोबळ चित्रासाठी केव्हीएम_स्टॅट पुरतं. कारणनिहाय फोड हवी तर परफ केव्हीएम स्टॅट. त्यात एक सापळा आहे, तो नव्या माणसासाठी लिहून ठेवतो: एचएलटीच्या ओळीत वेळेचा टक्का प्रचंड दिसतो, कधी नव्वदीच्या वर. तो खर्च नव्हे. एक्झिट झाल्यापासून पुन्हा गेस्टमध्ये शिरेपर्यंतचा सगळा काळ तिथे मोजला जातो, आणि रिकामा व्हीसीपीयू त्यातला बहुतेक काळ नुसता झोपलेला असतो. एचएलटीच्या ओळीतला वेळ सोडून फक्त संख्या पाहायची.

टायमरपुरतं पाहायचं तर केव्हीएम_एमएसआर हा ट्रेसपॉइंट (कर्नलमधली नोंद घेण्याची जागा) लावून हेक्स ६ई० एवढाच फिल्टर ठेवायचा. टीएससी डेडलाइनचं एमएसआर तेच. गेस्टच्या आतून पाहायला प्रॉक-इंटरप्ट्समधली एलओसी (लोकल टायमरचे इंटरप्ट) ही ओळ. दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचायची, वजाबाकी करायची. १००० हर्ट्झची अखंड टिक असेल तर प्रत्येक व्हीसीपीयूला दहा हजारांचा फरक दिसतो. आकडा त्याहून बराच कमी आला तर टिक थांबते आहे, एवढं पहिल्या मिनिटात कळतं.

१३ जानेवारी

सुरुवात सगळ्यात म्हाताऱ्या गेस्टपासून. लिनक्स २.६.१८ च्या पिढीचं कर्नल, एका जुन्या प्रॉडक्टची चाचणी त्यावरच होते, म्हणून हलवता येत नाही.

याचा इतिहास माहीत असला की पुढचं सोपं जातं. २.४ मध्ये पीसीवर एचझेड, म्हणजे सेकंदाला किती टिक हा आकडा, १०० होतं. २.६ आलं तसं ते १००० झालं, डेस्कटॉपला चपळ वाटावं म्हणून. २.६.१३ मध्ये ते निवडता येऊ लागलं आणि ठरलेली किंमत २५० झाली. रिकाम्या वेळी टिक थांबवणारी सोय २००७ मध्ये २.६.२१ बरोबर आली, ६४ बिटांच्या पीसीला आणखी थोडी उशिरा. म्हणजे २.६.१८ वाला गेस्ट टिक थांबवतच नाही. वितरणाने त्यात १००० ठेवलेलं आहे, आणि भरीला पीआयटीचा (पीसीतला जुना टायमर) आयआरक्यू शून्य वेगळा वाजतोच.

एक गंमत: इथे ६ई० चं नावही दिसत नाही. हे कर्नल एपिकचा टायमर पिरियॉडिक मोडमध्ये एकदा लावून मोकळं होतं, त्यामुळे दर वेळी लावण्याची एक्झिट नाही. जागं होणं आणि परत झोपणं मात्र हजार वेळा.

या पिढीच्या एंटरप्राइज कर्नलांत बूटच्या ओळीवर डिव्हायडर=१० देता येतं. एचझेड कर्नलच्या लेखी १००० च राहतं, पण खरा इंटरप्ट सेकंदाला १०० वेळाच येतो आणि दर इंटरप्टला दहा टिकांचा हिशेब एकदम होतो. वरच्या प्रोग्रॅमला फरक कळत नाही, नवं बिल्ड लागत नाही. लावलं, एलओसीचा फरक दहा हजारांवरून हजारावर आला. या एका शब्दाने जेवढं मिळालं तेवढं पुढे कुठे मिळेल असं वाटत नाही.

याच गेस्टचं घड्याळ होस्टवर गर्दी असली की पुढे पळायचं, त्याचाही छडा लागला. होस्ट बिझी असला की पीआयटीच्या काही टिक वेळेवर पोचत नाहीत. त्या साठवून मागाहून पोचवायच्या असं होस्टवर ठरलेलं होतं, आणि गेस्टचं कर्नल स्वतःही हरवलेल्या टिक टीएससीवरून ओळखून भरून काढतं. एकच भरपाई दोनदा. लिबव्हर्टमध्ये (व्हीएमची कॉन्फिग सांभाळणारं साधन) पीआयटीचं टिकपॉलिसी डिस्कार्ड, म्हणजे हुकलेल्या टिक सोडून द्या, असं केलं. गेस्टकडे स्वतःची सोय असेल तेव्हाच हे करायचं. नसेल तर घड्याळ उलट मागे पडतं.

१५ जानेवारी

फ्रीबीएसडीचा गेस्ट. इथे काम कमी. फ्रीबीएसडीचं कर्नल बूट होतानाच आपण व्हीएममध्ये आहोत का ते पाहतं, आणि असेल तर १००० ऐवजी १०० हर्ट्झ घेतं. शिवाय ९.० पासून नवी टायमर व्यवस्था आहे, रिकाम्या वेळी टिक गाळल्या जातात. तरी आमच्या गेस्टवर १००० दिसत होतं, कारण लोडरच्या कॉन्फिगमध्ये कर्न.एचझेड=१००० अशी ओळ कुणीतरी लिहिलेली. प्रत्यक्ष यंत्रावरून उचलून आणलेली फाइल, ओळ तशीच राहिली.

काढण्याआधी एक खात्री केली: या गेस्टवर डमीनेट वापरून बँडविड्थ रोखण्याचं काम चालत नाही ना? डमीनेट टिकच्या तालावर पाकिटं सोडतं, १०० हर्ट्झवर ती दहा-दहा मिलिसेकंदांच्या घोळक्याने बाहेर पडतात. तसं काही नव्हतं. ओळ काढली, रीबूट, काम संपलं.

२० जानेवारी

विंडोज. सगळ्यात जास्त सीपीयू खाणारा रिकामा गेस्ट हाच, आणि इथे एक्झिटची जात वेगळी आहे. एमएसआर रांगेत खाली, वरच्या जागी आयओ इन्स्ट्रक्शन. पोर्ट कोणते ते ट्रेसमध्ये पाहिलं: हेक्स ७० आणि ७१. म्हणजे आरटीसी, पीसीतलं बॅटरीवरचं घड्याळ.

हा प्रकार जवळून पाहण्यासारखा आहे. विंडोजला आपण हायपरवायझरवर आहोत हे सांगितलेलं नसेल तर ते आरटीसीच्या नियतकालिक इंटरप्टवर टिक चालवतं. आरटीसीचा नियम असा की इंटरप्ट आला की त्याचा रजिस्टर सी वाचावा लागतो, नाहीतर पुढचा इंटरप्ट येत नाही. वाचायचं कसं? आधी पोर्ट ७० वर रजिस्टरचा क्रमांक लिहायचा, मग पोर्ट ७१ वरून किंमत घ्यायची. आरटीसी राहतो क्यूईएमयूमध्ये, कर्नलमध्ये नव्हे. त्यामुळे गेस्टमधून होस्टच्या कर्नलमध्ये, तिथून यूजरस्पेसमध्ये आणि त्याच वाटेने परत. केव्हीएमच्या आत निपटणाऱ्या एक्झिटपेक्षा ही फेरी कितीतरी महाग.

बरं, किती वेळा? विंडोजची नेहमीची टिक १५.६२५ मिलिसेकंदांची, सेकंदाला ६४. तेवढी असती तर कुणी लक्ष दिलं नसतं. ट्रेसमध्ये मात्र सेकंदाला १०२४ ची लय आहे. आरटीसीला दोनाच्या घातातलेच वेग जमतात, म्हणून कुणी एक मिलिसेकंदाची टिक मागितली की पदरात ०.९७६६ मिलिसेकंद पडतात. कुणीतरी मागितली आहे हे नक्की.

२१ जानेवारी

कोण मागतंय ते विंडोजच सांगतं. पॉवरसीएफजी ला एनर्जीचा पर्याय देऊन चालवलं की मिनिटभरात एक एचटीएमएल अहवाल तयार होतो, त्यात टायमर रेझोल्यूशन मागणाऱ्या प्रोसेसची नावं आणि मागितलेला काळ असतो. आमच्याकडे निघाला एक अपडेट तपासणारा बॅकग्राउंड प्रोग्रॅम. दिवसातून एकदा नेटवर जाऊन पाहायचं काम, आणि त्यासाठी टाइमबिगिनपिरियड १, म्हणजे एक मिलिसेकंदाची टिक द्या ही मागणी. विंडोज १० च्या २००४ क्रमांकाच्या आवृत्तीआधी ही मागणी सगळ्या यंत्राला लागू व्हायची. एकाने मागितलं की सगळ्यांची टिक वाढली. आमचा गेस्ट त्याच्याही आधीचा. प्रोग्रॅम बंद केला.

पण दुसरा कुणी उद्या मागेलच, म्हणून मूळ उपाय वेगळा केला. हायपर-व्हीच्या (मायक्रोसॉफ्टचा हायपरवायझर) सोयी केव्हीएमकडून देता येतात, विंडोज त्या ओळखतं आणि आरटीसी सोडून कृत्रिम टायमरवर जातं. एचव्ही_एसटायमर हवा तर एचव्ही_सायनिक आणि एचव्ही_टाइम लागतात, आणि सायनिकला एचव्ही_व्हीपीइंडेक्स. साखळीतला एक दुवा वगळला तर क्यूईएमयू सुरूच होत नाही, निदान तसं स्पष्ट सांगतं तरी. सोबत एचपीईटी, म्हणजे पीसीतला आणखी एक टायमर, बंद.

बदलानंतर ७० आणि ७१ ट्रेसमधून जवळपास नाहीसे झाले. टॉपमध्ये हा गेस्ट यादीच्या डोक्यावरून तळाला गेला. विंडोज ८ पासून रिकाम्या वेळी टिक लांबवता येते, पण त्यासाठी हाती तसा टायमर लागतो. तो आता मिळाला.

२७ जानेवारी

आता आधुनिक लिनक्सचे गेस्ट, संख्येने सर्वांत जास्त. इथे रिकाम्या वेळी टिक थांबते, एलओसीचा फरकही लहान. तरी होस्टवरून पाहिलं तर ६ई० वरची लिखाणं अपेक्षेच्या कितीतरी पट. सेकंदाला गेस्ट चारेकशे वेळा जागा होतो आहे आणि लिखाणं हजाराच्या पुढे. टिक नाही, मग लिहितंय कोण?

गेस्टमध्ये एचआरटायमर_स्टार्ट (एचआरटायमर म्हणजे कर्नलचा बारीक वेळेचा टायमर) आणि टिक_स्टॉप हे ट्रेसपॉइंट लावले, होस्टवर केव्हीएम_एमएसआर, आणि दोन्हींच्या वेळा शेजारी मांडल्या. एका जागण्याची कथा अशी निघाली:

टायमर वाजतो, व्हीसीपीयू एचएलटीतून उठतो. आयडलमधून बाहेर पडताना कर्नल टिक पुन्हा सुरू करतं: पहिलं लिखाण. ज्या थ्रेडसाठी उठलो तो धावतो, पाहतो, काही नाही, परत ईपोल_वेट (काही घडेपर्यंत वाट पाहण्याचा कॉल) करतो आणि दहा मिलिसेकंदांनंतरचा टायमर लावतो. लवकरात लवकर वाजणारा टायमर बदलला तर दुसरं लिखाण. मग धावायला कुणी नाही, कर्नल आयडलमध्ये शिरतं, टिक थांबवतं आणि एमएसआर पुढच्या खऱ्या टायमरवर नेऊन ठेवतं: आणखी एक. त्यानंतर एचएलटी, तिचीही एक्झिट.

म्हणजे टिक वाचवणारी व्यवस्थाच प्रत्येक छोट्या झोपेमागे टिक लावण्या-काढण्याचा खर्च करते. प्रत्यक्ष यंत्रावर एमएसआरचं लिखाण स्वस्त असल्याने हे कुणाला जाणवत नाही. तिथे सीपीयूआयडलचा (किती खोल झोपायचं ते ठरवणारी कर्नलची व्यवस्था) गव्हर्नर झोप छोटी असणार असा अंदाज बांधून टिक न थांबवण्याचाही निर्णय घेऊ शकतो. आमच्या गेस्टमध्ये सीपीयूआयडलचा ड्रायव्हरच नाही. आयडल म्हटलं की टिक थांबवायची आणि सरळ एचएलटी.

जागं करणारा प्रोग्रॅम एक मॉनिटरिंग एजंट आहे. चार थ्रेड, प्रत्येकाचं दहा मिलिसेकंदांचं पोलिंग. चार गुणिले शंभर, हिशेब जुळला. दर मिनिटाला एकदा आकडे पाठवणाऱ्या एजंटला सेकंदाला चारशे वेळा उठून बसायची काय गरज, हे त्याच्या कॉन्फिगवरून कळत नाही.

३० जानेवारी

एजंटचं पोलिंग बदलण्याचा पर्याय कॉन्फिगमध्ये नाही. सोर्स आमच्याकडे नाही. म्हणून टायमर स्लॅक.

लिनक्समध्ये साध्या थ्रेडच्या झोपेला ५० मायक्रोसेकंदांची ढिलाई ठरलेली असते: मागितल्या वेळेनंतर तेवढ्या अवधीत कधीही उठवलं तरी चालेल. ती वाढवता येते, आणि सिस्टमडीच्या सर्व्हिस फाइलमध्ये टायमरस्लॅकएनसेक म्हणून थेट पर्याय आहे. प्रोग्रॅमला हात लावावा लागत नाही, मुलांनाही ती ढिलाई वारसाने मिळते. रिअलटाइम थ्रेडना मात्र लागू नाही.

एजंटला ४० मिलिसेकंद दिले. कर्नल टायमर शेवटच्या मुदतीवर लावतं, पण मधे दुसऱ्या कशासाठी तोच व्हीसीपीयू उठला आणि याची पहिली वेळ उलटून गेलेली असेल तर त्याच फेरीत यालाही उरकून घेतं. म्हणजे थ्रेड फार तर पन्नासेक मिलिसेकंदांनी उठतो, आणि बऱ्याचदा दुसऱ्याच्या बरोबर. जागण्याची संख्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास आली, ६ई० ची लिखाणं त्याच प्रमाणात. एजंटचे आकडे मिनिटाला जसे यायचे तसे येत आहेत.

एका प्रोसेसवर आधी आजमावून पाहायचं तर ४.६ पासून प्रॉकमध्ये त्या प्रोसेसच्या नावे टायमरस्लॅक_एनएस फाइल असते. तिथे लिहिलं की लगेच परिणाम, सर्व्हिस रीस्टार्ट करायची गरज नाही. पण ती थ्रेडनिहाय असते, मुख्य थ्रेडला लिहून बाकीचे तसेच राहतात. चारही टीआयडींना लिहावं लागलं.

३ फेब्रुवारी

एक लिनक्स गेस्ट वरच्या कशालाच दाद देईना. एक्झिटचं कारण ईपीटी मिसकॉन्फिग, आणि तेही भरघोस. केव्हीएममध्ये एमएमआयओ, म्हणजे मेमरीच्या पत्त्यावरून डिव्हाइसशी बोलणं, असाच पकडला जातो. पत्ता पाहिला तर एचपीईटीचा.

क्लॉकसोर्स, म्हणजे कर्नल वेळ कुठून वाचतं ते, तपासला: एचपीईटी. हा इंटरप्टचा प्रश्नच नव्हता, घड्याळ वाचण्याचा होता. प्रोग्रॅमने वेळ विचारली की दर वेळी सिस्टम कॉल, एचपीईटीचं वाचन, एक्झिट, आणि एचपीईटी क्यूईएमयूमध्ये असल्याने यूजरस्पेसची फेरी. लॉगच्या प्रत्येक ओळीला वेळ छापणारा प्रोग्रॅम असेल तर विचारायलाच नको.

इथवर तो आला कसा तेही सापडलं. या व्हीएमला ग्राफिक्स कार्ड थेट जोडलेलं होतं आणि त्या ड्रायव्हरसाठी केव्हीएमची ओळख लपवली होती. ओळख नाही म्हणून केव्हीएम-क्लॉक (केव्हीएम गेस्टला देतं ते घड्याळ) नाही. उरला टीएससी. होस्टवर गर्दीच्या वेळी व्हीसीपीयू थोडा रखडला, गेस्टच्या वॉचडॉगला टीएससी आणि एचपीईटीचा मेळ दिसेना, त्याने टीएससी अस्थिर ठरवून एचपीईटीवर उडी मारली. रीबूटपर्यंत ती उडी मागे येत नाही.

एचपीईटी काढून टाकला, ओळख परत दाखवली. सध्याच्या ड्रायव्हरला ती लपवायची गरज उरलेली नाही. आता वेळ विचारण्याची एक्झिट शून्य.

६ फेब्रुवारी

बैठकीत ठरावीक सूचना आलीच: सगळ्या गेस्टचं कर्नल १०० हर्ट्झवर बिल्ड करून टाकू. रिकाम्या गेस्टला याचा उपयोग नाही हे वरच्या नोंदींवरून दिसतंच, तिथे टिक आधीच थांबलेली आहे. प्रश्न सतत कामात असलेल्या गेस्टचा, उदाहरणार्थ डेटाबेस.

हिशेब मांडला. एका एक्झिटला सगळं धरून दोन मायक्रोसेकंद समजा. केव्हीएमच्या आत निपटणाऱ्या एक्झिटला हे उदार अनुमान आहे. १००० हर्ट्झवर टिकमागे दोन एक्झिट म्हणजे सेकंदाला ४ मिलिसेकंद, ०.४ टक्के. १०० वर ०.०४. म्हणजे एचझेड दहावा हिस्सा करून हाती येणार ०.३६ टक्के, आणि त्यासाठी स्वतःचं कर्नल सांभाळायचं, प्रत्येक सुरक्षा अपडेटला बिल्ड करायचं. माझं मत ‘नको’ असंच पडलं, आणि ते मान्य झालं. व्हीएम म्हणजे १०० हर्ट्झ हा सल्ला ज्या काळात खरा होता त्या काळचा गेस्ट आमच्याकडे एकच आहे, आणि त्याची सोय डिव्हायडरने लावली.

त्यापेक्षा होस्टवर दोन गोष्टी पाहून घेतल्या. केव्हीएम_इंटेलचा प्रीएम्प्शन_टायमर चालू आहे. तो असला की गेस्टची वेळ प्रोसेसरच मोजतो आणि होस्टचा एचआरटायमर लावा-काढायला लागत नाही. व्हीसीपीयू झोपला की मात्र एचआरटायमरवरच यावं लागतं, कारण हा टायमर गेस्ट धावत असतानाच चालतो. एएमडीच्या एका होस्टवर ही सोय नाही, तिथे कायम एचआरटायमर. दुसरी गोष्ट एपिकव्ही, तीही चालू. टीएससी डेडलाइनच्या लिखाणाला जलद वाट देणारे बदल २०२० पासूनच्या कर्नलांत आहेत, आमचं होस्ट कर्नल त्यानंतरचं.

१० फेब्रुवारी

वरच्या मताला एक अपवाद निघाला: नेस्टेड. एक गेस्ट स्वतःच हायपरवायझर आहे, चाचण्यांसाठी आत छोट्या व्हीएम उठवतो.

आतल्या व्हीएमची एक्झिट आधी आमच्या होस्टकडे येते. होस्ट ती मधल्या हायपरवायझरला देतो, तो आपली व्हीएमसीएस (व्हीएमची स्थिती ठेवणारी रचना) वाचतो-लिहितो, काम उरकून व्हीएमरिझ्युम करतो, तोही होस्टकडेच येतो, आणि मग होस्ट खऱ्या प्रोसेसरवर आतल्या व्हीएमला सोडतो. व्हीएमसीएस शॅडोइंग असल्याने मधली वाचन-लिखाणं बरीच वाचतात, ती सोय इंटेलच्या हॅसवेल प्रोसेसरपासून आहे. तरी एका आतल्या एक्झिटमागे बाहेर अनेक. तिथे ०.४ टक्क्यांचा हिशेब लागू पडत नाही, खर्च सरळ कित्येक पट.

आतल्या व्हीएमचं कर्नल आम्ही तसंही स्वतः बिल्ड करतो, मोजकेच ड्रायव्हर असलेलं. त्यात एचझेड १०० केलं. चाचण्यांमध्ये टायमरच्या बारकाव्यावर अवलंबून असलेला एक संच होता, तो एचआरटायमर वापरतो, त्याला एचझेडशी देणंघेणं नाही. सगळ्या चाचण्या पास.

१३ फेब्रुवारी

हॉल्ट पोलिंग. टॉपमध्ये उरलेल्या सीपीयूचा एक भाग इथे जात होता. व्हीसीपीयूने एचएलटी केली की केव्हीएम लगेच थ्रेड झोपवत नाही, थोडा वेळ जागेपणी वाट पाहतं, लगेच काम आलं तर झोप-जागचा फेरा वाचावा म्हणून. वरची मर्यादा हॉल्ट_पोल_एनएस, आमच्याकडे २,००,००० म्हणजे २०० मायक्रोसेकंद. ती अनुभवावरून कमी-जास्त होत असते, पण लहान-मोठ्या झोपा मिसळून घेणाऱ्या गेस्टमध्ये अंदाज सारखा हुकतो. हॉल्ट_पोल_फेल हा काउंटर सक्सेसच्या बराच पुढे होता.

५०,००० केलं. फेलमध्ये जळणारा वेळ घटला. डेटाबेसच्या छोट्या क्वेरींची लेटन्सी किंचित वाढल्यासारखी दिसते, पण मोजमापाच्या गोंगाटातून वेगळी काढता येत नाही. मोड्यूलचा पर्याय अख्ख्या होस्टला एकच लागतो, म्हणून शून्य करायचं धाडस केलं नाही.

१८ फेब्रुवारी

लेटन्सीला नाजूक असलेल्या एका व्हीएमसाठी वेगळा प्रयोग. हिचे व्हीसीपीयू ठरावीक कोअरवर बांधलेले आहेत, त्या कोअरवर होस्टचं नोएचझेड_फुल (काम चालू असतानाही टिक थांबवण्याची सोय). हे आधी नव्हतं, आणि तेव्हा होस्टची स्वतःची टिकही गेस्टला बाहेर काढत होती: एक्स्टर्नल इंटरप्ट या कारणाखाली, होस्टच्या एचझेडच्या लयीत. गेस्टच्या टिकवर एवढं बोललं जातं, ही मात्र कुणाच्या गणतीत नसते. नोएचझेड_फुलने ती गेली.

पुढची पायरी: क्यूईएमयूमध्ये ओव्हरकमिटचा सीपीयू-पीएम चालू केला, म्हणजे एचएलटी आणि एमवेटला एक्झिटच नाही. केव्हीएमचा पीआय_इंजेक्ट_टायमर चालू असला की गेस्टचा टायमर घरकामाच्या (होस्टच्या इतर कामांसाठी ठेवलेल्या) कोअरवर वाजतो आणि पोस्टेड इंटरप्टने धावत्या गेस्टमध्ये थेट जातो. वेळ भरल्याची एक्झिट नाही, झोपण्याची नाही, ईओआयची नाही. ६ई० चं लिखाण तेवढं उरतं. ट्रेस इतका मोकळा की आधी वाटलं परफच बंद पडलं.

किंमत अशी की होस्टच्या टॉपमध्ये हे व्हीसीपीयू कायम १०० टक्के दिसतात, गेस्ट झोपलेला असला तरी. ते कोअर दुसऱ्या कुणाला देता येत नाहीत. या एका व्हीएमपुरतं ठीक, बाकीच्यांना हे लावायचं नाही असं विकीवर ठळक लिहिलं.

२४ फेब्रुवारी

बदल टेम्प्लेटमध्ये नेले. विंडोजच्या टेम्प्लेटला हायपर-व्हीची पूर्ण साखळी, सगळ्यांना एचपीईटी बंद, लिनक्सच्या टेम्प्लेटमध्ये एजंटच्या सर्व्हिसला स्लॅक. रात्रीच्या मोजणीत कोअर आता बहुतेक वेळ खोल सी-स्टेटमध्ये आहेत.

क्लॉकसोर्स तपासणारी एक ओळ रोजच्या हेल्थ चेकमध्ये घातली: टीएससी किंवा केव्हीएम-क्लॉक सोडून काहीही दिसलं की अलर्ट. पहिल्याच फेरीत एक गेस्ट सापडला, त्यावर एसीपीआय_पीएम. तोही पोर्ट वाचून, तोही क्यूईएमयूपर्यंतची फेरी. त्याचा मालक या आठवड्यात रीबूटला वेळ देणार आहे.

एजंट बनवणाऱ्यांना ट्रेस जोडून लिहिलं आहे, पोलिंगच्या जागी इव्हेंटएफडी (काम आलं तेव्हाच थ्रेडला उठवणारी सोय) वापरता येईल असं सुचवून. उत्तर आलं की स्लॅकची ओळ ठेवायची की काढायची ते ठरवू. हॉल्ट पोलिंगचं डेटाबेसवरचं मोजमाप महिनाअखेरच्या लोडवर पुन्हा घ्यायचं आहे.